मागच्या चौकीवरच्या पाली

काश्मीरमध्ये दोनदा आणि मणिपूरमध्ये एकदा, अशी माझी फील्डची नोकरी झाली. तिन्ही वेळा हाताखालची माणसं मी सगळीच्या सगळी घरी परत आणली. माणूस गमावला तो बेळगाव जिल्ह्यात, पीस पोस्टिंगला म्हणजे शांततेच्या नेमणुकीवर, आणि तेही अशा ठिकाणी जिथून त्याचं स्वतःचं घर मोटारसायकलवर तासाभराच्या अंतरावर होतं. लोक मला म्हणतात, सुभेदार साहेब, लढाईतलं काहीतरी सांगा. मी हे सांगतो. बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण यात शत्रू नाही. पाली आहेत.

जागा नेमकी सांगत नाही, जुनी सवय आहे. बेळगावहून निपाणीकडे जाताना महामार्ग सोडून आत गेलं की एक उघडा माळ लागतो. तिथे आमची फायरिंग रेंज होती. मी तेव्हा नायब सुभेदार होतो आणि रेंजच्या गार्डचा कमांडर होतो. हाताखाली एक सेक्शन म्हणजे दहाएक जवान, एक लांगरी म्हणजे आमचा स्वयंपाकी, एक जिप्सी आणि दोन रेडिओ सेट. पुढच्या बाजूला दोन बराकी, कुकहाऊस आणि स्टोअर. मागे टेकडीच्या पायथ्याला एक जुनी दगडी चौकी होती. नुसते दगड रचून केलेल्या भिंती, वर पत्रे. रेंजवर पडलेलं पितळ आणि शिसं वेचायला लोक तारेखालून घुसत, म्हणून मागच्या चौकीवर कायम दोन माणसं ठेवावी लागत.

काम सोपं होतं. सकाळी पीटी, मग फॉलिन म्हणजे रांगेतली हजेरी, दुपारी मेंटेनन्स, संध्याकाळी रोल कॉल. फील्डमधून आलेल्या माणसाला अशा ठिकाणी पहिला महिना झोप लागत नाही आणि नंतर जाग येत नाही. मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त भीती वाटायची. जवान मला मागून कडू कारलं म्हणायचे, हेही मला ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात तारेची चोरी झाली आणि वरून हुकूम आला, नवे फ्लडलाइट लावा. जुने पिवळे बल्ब निघाले, पांढरे एलईडी लागले. पहिल्याच संध्याकाळी माळावरचे सगळे किडे आमच्या मुक्कामाला आले. पतंग, भुंगेरे, तुडतुडे, आणि वळवाची सर येऊन गेली की वाळवीची पाखरं. चहाच्या मगात पडायचे, कॉलरमधून पाठीत उतरायचे. आठवडाभरात त्यांच्यामागे पाली आल्या.

पाल काही कुणाला नवी नसते. पण एका दिव्याखाली इतक्या पाली मी कधी पाहिल्या नव्हत्या. प्रत्येकीची जागा ठरलेली. थोराड नर दिव्याच्या अगदी जवळ, बाकीच्या कडेकडेने. दुसरा जवळ सरकला की हा चुकचुकून दम द्यायचा, तरी ऐकलं नाही तर शेपटीला धरायचा. जेवणं झाली की जवान बाहेर बसून हा तमाशा बघायचे. मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळे करमणूक तेवढीच.

या सगळ्यांत पालींचा खरा दोस्त होता नायक अजित मगदूम. निपाणीच्या पुढच्या बोरगावचा. जैन शेतकरी घर, शेतात ऊस आणि तंबाखू. उंच, सडपातळ, बोलणं हळू. जैन माणूस फौजेत कसा, हे त्याला इतक्या वेळा विचारून झालं होतं की उत्तर तयार असायचं. "राखण करतोय, शिकार न्हाय करत." रेंजवर त्याच्याइतका नेम कुणाचा नव्हता. मी एकदा चिडवलं, "मगदूम, मुंगी दिसली की पाय उचलतोस, आणि टार्गेटच्या बरोबर काळजात भोक पाडतोस."

"टार्गेट पुट्ट्याचं हाय न्हवं, साहेब," तो म्हणाला.

काश्मीरमध्ये पुठ्ठ्याचं नसलेलं टार्गेटही त्याच्यासमोर आलं होतं. तेव्हा त्याने जे करायचं ते केलं. त्यावर तो कधी बोलला नाही आणि मी विचारलं नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचा. लांगरी त्याच्यासाठी बिनकांद्याची डाळ वेगळी काढून ठेवायचा आणि वर कुरकुर करायचा, पण ठेवायचा. मगदूमच्या आजोबांची निपाणीत तंबाखूची वखार होती. साठवलेल्या तंबाखूला बारीक किडा लागतो, तो पाली खातात, म्हणून वखारीत पालीला झाडू दाखवायची मनाई होती. पालीचा लळा त्याला तिथून लागला होता.

आमचे कंपनी कमांडर मेजर साहेब केरळचे. साप, सरडे, पाली यांचं त्यांना वेड होतं. एका रविवारी त्यांनी आम्हाला सगळ्या पोस्टभर फिरवलं, आणि ज्या प्राण्याकडे आम्ही जन्मभर ढुंकून पाहिलं नव्हतं तो उलगडून दाखवला. बराकीच्या भिंतीवरची ती घरपाल. तिच्या बोटांखाली बारीक पट्ट्या असतात आणि त्यांच्यावर डोळ्याला न दिसणारे केस, त्यांच्या जोरावर ती छतावर उलटी चालते, डिंक वगैरे काही नसतो. तिला पापण्या नसतात, म्हणून ती जिभेने डोळा पुसते. अंडी दोनच घालते, आणि आमच्याकडे ती बहुतेक स्विचबोर्डात सापडायची. मागच्या चौकीच्या दगडांत वेगळी जात होती, हातभर वाटावी अशी दांडगी खडकपाल, अंधार पडला की फटीतून डोकं काढणारी आणि वेळ पडली तर लहान पालीही खाणारी. ओढ्याकाठच्या सावलीतल्या खडकांवर बोटाएवढी पाल दिवसाढवळ्या हिंडायची. तिची बाहुली गोल असते, बाकीच्यांची उभी. आणि माळावरच्या दगडाखाली जाड शेपटीची, ठिपक्यांची एक जमिनीवर चालणारी पाल निघाली. तिला मात्र पापण्या होत्या. तिने आमच्याकडे बघून सावकाश डोळे मिटले, तेव्हा दोघे जवान मागे सरकले. आमच्याकडे तिला जहरी समजून ठेचतात. साहेबांनी ती तळहातावर घेतली आणि सांगितलं, आपल्या देशातली एकही पाल विषारी नाही, ही तर विंचू खाते.

मग त्यांनी सापांवर क्लास घेतला. पालीमागे भिंतीवर चढणारा पट्ट्यापट्ट्यांचा साप बहुतेक वेळा कवड्या असतो, बिनविषारी. त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचं उलटं. तिचे पट्टे डोक्यापासून लांब सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. मण्यार झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. आधी पोटात दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास थांबतो. "इसलिए खाट और मच्छरदानी," साहेब म्हणाले. जाताना दिव्याखालच्या पालींकडे बघून थांबले. "इतनी छिपकली जहाँ होगी, वहाँ उनको खानेवाला भी आएगा. ध्यान रखना."

त्यानंतर साहेब कोर्ससाठी बाहेर गेले.

ते गेल्यावर पत्र आलं, ब्रिगेडकडून इन्स्पेक्शन आहे. सिव्हिलमधल्या माणसाला इन्स्पेक्शन म्हणजे काय ते समजावून सांगणं अवघड आहे. जे जे जागेवरून हलत नाही त्या सगळ्याला चुना आणि गेरू लागतो. झाडांचे बुंधे, रस्त्याच्या कडेचे दगड, पाण्याच्या टाकीचे पाय. आम्ही दोन्ही बराकी पांढऱ्याशुभ्र केल्या. दुसऱ्या सकाळी आमचे सुभेदार मेजर पाहणीला आले. ताज्या चुन्यावर पालींची लेंडी पडलेली होती, काळी, टोकाला पांढरी. त्यांनी छडी टेकवली.

"ये क्या है?"

"पालीचं आहे, साहेब."

"इन्स्पेक्शनपर्यंत भिंतीवर एक पाल दिसता कामा नये."

त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. संध्याकाळी शिपाई यल्लाप्पा झाडूची काठी घेऊन स्टुलावर चढला. हा खानापूरकडचा पोरगा, अंगाने दणकट, हुकूम आला की दुसरा विचार न करणारा. मगदूमने येऊन स्टूल धरलं.

"उतर खाली."

"हुकूम हाय, अण्णा."

"हुकूम भिंत साफ करायचा हाय. मारायचा न्हाय." मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, म्या धरतो सगळ्या. दोन सांजा द्या."

दिल्या. त्याने जुन्या मच्छरदाणीची झोळी काठीला बांधली आणि दारूगोळ्याच्या रिकाम्या लाकडी पेटीला भोकं पाडली. यल्लाप्पाला मदतीला घेतलं. एखादी पाल शेपटी टाकून निसटली की मगदूम हळहळायचा, कारण शेपटीत तिची साठवणीची चरबी असते आणि ती गेली की बिचारी उपाशी पडते. यल्लाप्पा म्हणाला, "अण्णा, तू सासरी निगालेल्या भैनीवानी रडतोयस." तरी तोही नंतर हलक्या हातानेच धरायला लागला.

पाली सोडायच्या कुठे, हा प्रश्न होता. माळावर सोडून उपयोग नव्हता. घरपालीला भिंत लागते आणि दिवा लागतो, नाहीतर ती चालत परत येते. मगदूमने मागची चौकी सुचवली. तिथे दगडांत फटी होत्या, नवा फ्लडलाइट होता, आणि रस्ता इतका वाईट की इन्स्पेक्शनची गाडी तिकडे जाणार नव्हती. कुणाचा जीव जात नव्हता आणि हुकूमही पाळला जात होता. मला युक्ती पसंत पडली. पेट्या भरभरून पाली तिकडे गेल्या.

इन्स्पेक्शनची आणखी एक रीत आहे. बराकीत खाटांची ओळ पूर्ण दिसावी लागते, प्रत्येक खाटेवर किट, वर घडी घातलेली मच्छरदाणी. आमच्या ओळीत खाटा कमी पडत होत्या. म्हणून मागच्या चौकीवरच्या खाटा आणि मच्छरदाण्या पुढे आल्या. मी बेळगावच्या मुख्य स्टोअरकडे बदली खाटा मागितल्या. उत्तर आलं, इन्स्पेक्शन झाल्यावर. तोवर चौकीवरची माणसं, म्हणजे तेव्हा मगदूम आणि यल्लाप्पा, ग्राउंडशीट टाकून जमिनीवर झोपणार होती. फील्डमध्ये आम्ही बर्फावर झोपलो होतो, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

पुढच्या बराकी स्वच्छ झाल्या. मागची चौकी भरून गेली. आधीच्या खडकपाली, वर या सगळ्या घरपाली. दिव्याभोवतीच्या भिंतीवर दगड दिसेना. पहिले काही दिवस तिथे सतत चुकचुक चालायची, कारण प्रत्येकीला नवी जागा भांडून घ्यावी लागत होती. मग सकाळी चौकी झाडताना तुटलेल्या शेपट्या सापडायला लागल्या. आधी एक-दोन, मग मूठभर. यल्लाप्पा त्या झाडून बाहेर टाकायचा आणि नंतर हात धुवायचा, जे तो एरवी सांगूनही करत नसे.

एका सकाळी तो रिपोर्ट द्यायला आला आणि जाता जाता घुटमळला.

"काय रे?"

"काय न्हाय, साहेब. मागच्या चौकीवरच्या पाली बोलंनात झाल्यात."

मी जाऊन पाहिलं. पाली होत्या, पण दिव्याजवळ एकही नव्हती. सगळ्या वर पत्र्याखाली दाटीवाटीने बसलेल्या, किडे समोरून जात होते तरी हलत नव्हत्या. भिंतीच्या फटीत सापाची कात अडकली होती. मगदूमने ती अलगद ओढून काढली, उजेडात धरली, आणि मेजर साहेबांनी शिकवल्याप्रमाणे नीट तपासली.

"कवड्या हाय, साहेब. पालीमागं आलाय. प्वाट भरलं की जाईल."

त्याच संध्याकाळी त्याला कवड्या दिसलाही. नंतर दुसरा दिसला. मी दोघांना सांगितलं, आतल्या दगडी कट्ट्यावर झोपा, खाली नको. पण कट्टा वीतभर रुंदीचा निघाला, त्यावर माणूस मावत नव्हता. मी सेटवरून बेळगावच्या स्टोअरकडे पुन्हा खाटा मागितल्या. तेच उत्तर. मला ते काही बरं वाटत नव्हतं. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण मणिपूरच्या जंगलात पाखरं गप्प झाली की आम्ही जागच्या जागी थांबायचो, ते आठवत होतं.

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, उजाडता उजाडता, सेट वाजला.

"कंट्रोल, मागची चौकी. मगदूम अण्णाच्या पोटात लई दुकतंय. घिऊन येतोय. ओव्हर."

"चालता येतंय का? ओव्हर."

"येतंय. आउट."

मी गेटवर होतो. तिथून कुकहाऊसला पोचलो तोवर यल्लाप्पा त्याला घेऊन आला होता आणि सगळे जवान डाळीच्या पातेल्याभोवती जमले होते. लांगरी पळीने तळ ढवळून दाखवत होता आणि रडकुंडीला आला होता. "झाकण हुतं साहेब. वर वरवंटा ठिवलाता." पाल पडलेलं अन्न विषारी होतं, ही समजूत आमच्या भागात घरोघरी आहे. पाल विषारी नसते हे याच जवानांनी मेजर साहेबांच्या तोंडून ऐकलं होतं. पण पोटात दुखायला लागलं की ऐकलेलं आठवत नाही, लहानपणीचं आठवतं. त्यांनी मगदूमला मिठाचं पाणी पाजून उलटी करायला लावली होती. त्यात वेळ गेला.

मगदूम पायरीवर बसला होता. मी विचारलं, "रात्री काही चावलं?"

"कानामागं टोचल्यागत झालं. जागा झालो, बॅटरी मारली. वर भिंतीवर कवड्या, तोंडात पाल धरून."

"मला का न्हाई कळवलं?"

"कवड्या हुता, साहेब. काय हुत न्हाय त्येनं."

यल्लाप्पा म्हणाला, "म्या फावडं उचललंतं. अण्णानं हात धरला. मारू नगंस म्हणाला."

मी मगदूमच्या कानामागे पाहिलं. काहीही नव्हतं, मच्छर चावल्याइतकंसुद्धा नाही. मग त्याने मान वर केली आणि मला त्याचा चेहरा दिसला. दोन्ही पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या.

"झोप येतेय?"

"न्हाय. डोळं उघडं ऱ्हाईनात."

मेजर साहेबांचा सापांचा क्लास मला आठवला. मी सेटवरून बेळगावला कळवलं.

"कॅज्युअल्टी वन. स्नेक बाइट, मण्यारचा संशय. जिप्सीने हॉस्पिटलला निघतोय. ओव्हर."

"बाइट किती वाजता? ओव्हर."

"नक्की नाही. तासाहून जास्त झाला. आउट."

बेळगावचा रस्ता मी शेकडो वेळा केला आहे. त्या दिवशी तो संपत नव्हता. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे यल्लाप्पा मगदूमचं डोकं मांडीवर घेऊन. महामार्गावर दुधाच्या गाड्या, शाळेच्या बस, नेहमीची सकाळ. मगदूमची जीभ जड झाली होती. शब्द ओळखू येत नव्हते, पण एक वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि शेवटी मला ते कळलं.

"त्यो कवड्याच हुता."

"व्हय रं अण्णा," यल्लाप्पा म्हणाला. "कवड्याच हुता."

मला वाटलं, मगदूमने ओळखण्यात चूक केली आणि आता ती मान्य करवत नाही. मला त्याचा राग आला. मरायला टेकलेल्या माणसाचा राग येतो, हे कुणी सांगितलं तर मी आधी मानलं नसतं. शहर जवळ आलं तेव्हा त्याचा श्वास बंद पडला. उरलेल्या रस्त्यात यल्लाप्पाने तोंडाने त्याला श्वास दिला. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं तरी तो थांबेना, त्याला ओढून बाजूला करावं लागलं.

डॉक्टर तयार होते. इंजेक्शनं दिली, व्हेंटिलेटर लावला. त्यांच्या बाजूने काही कमी पडलं नाही. मी विचारलं, बेशुद्ध आहे का. डॉक्टर म्हणाले, "नाही. शरीर हलत नाही एवढंच. त्याला ऐकू येतं. बोलत राहा."

मी त्याला उद्याच्या इन्स्पेक्शनची तयारी सांगितली. कुठला दगड रंगवायचा राहिला, कुणाचे बूट नीट नाहीत. रोल कॉलला बोलतो तसा बोलत राहिलो. दुपारी बोरगावहून त्याची आई आली. आम्ही तिला आक्का म्हणायचो, कारण सुट्टीवरून येताना मगदूम तिने केलेल्या चिवड्याचा डबा आणायचा आणि आमची ओळख त्या डब्यातून झाली होती. आक्का त्याच्या कानाशी बसली. आधी णमोकार मंत्र म्हटला. मग म्हणाली, "अजू, डोळं उघड की रं. म्या आलोय." त्याच्या मिटलेल्या डोळ्याच्या कडेतून पाणी ओघळलं. नर्स म्हणाली, औषधामुळे होतं तसं.

"न्हाय," आक्का म्हणाली, आणि पदराने पुसलं.

मेजर साहेब कोर्स सोडून दुसऱ्या सकाळी थेट पोस्टवर आले. वनखात्याचा साप पकडणारा माणूस बरोबर होता. आम्ही मागच्या चौकीची भिंत एकेक दगड काढून उतरवली. पाली वाट फुटेल तिकडे पळाल्या. वरच्या थरात दोन कवड्या निघाले. कातीही निघाल्या, बऱ्याच. भिंतीच्या अगदी तळाला, जिथून मगदूमचं डोकं हातभर अंतरावर येत होतं, तिथे मण्यार होती. काळी, चकचकीत, पोट फुगलेलं. पिशवीत घालताना तिने गिळलेलं ओकून टाकलं. तो कवड्या होता.

साहेब त्या ओकलेल्या कवड्याजवळ उकिडवे बसले. मग हिंदीत सांगितलं, ते मी माझ्या भाषेत लिहितो. दिव्याला किडे आले, किड्यांना पाली आल्या. सगळ्या पाली एका भिंतीत आल्या म्हणून कवड्या आले. आणि मण्यार पाली खाते, उंदीर खाते, पण तिला सगळ्यात जास्त आवडतात दुसरे साप. "हमने एक एक करके सबको बुलाया," ते म्हणाले.

मगदूमने ओळखायला चूक केली नव्हती. वर भिंतीवर दिसला तो कवड्याच होता. चावली ती खाली होती, आणि तिला कुणी पाहिलंच नव्हतं. गाडीत मला त्याचा राग आला होता, तो आठवला आणि मी तिथे सगळ्यांसमोर रडलो.

यल्लाप्पा फावडं घेऊन पिशवीजवळ उभा होता. "साहेब, हुकूम द्या."

मलाही तिला मारायचं होतं. फावड्याने, हळूहळू. पण मगदूम अजून जिवंत होता. तो शुद्धीवर आला की पहिला प्रश्न हाच विचारणार, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघून उत्तर द्यावं लागणार, एवढंच माझ्या मनात आलं.

"फावडं खाली ठेव," मी म्हणालो. वनखात्याचा माणूस पिशवी घेऊन गेला.

त्याच संध्याकाळी, सूर्य मावळायच्या सुमारास, मगदूमचं हृदय थांबलं.

इन्स्पेक्शन पुढे ढकललं गेलं आणि नंतर यथासांग झालं. भिंतींवर पाल नव्हती. शेरा चांगला मिळाला. चौकशीत कुणाचाही दोष निघाला नाही. मागच्या चौकीवर खाटा आल्या, मच्छरदाण्या आल्या, मेजर साहेबांनी पांढरे दिवे काढून पुन्हा पिवळे लावले. पाली हळूहळू पांगल्या, माळावर असाव्यात तेवढ्याच उरल्या.

काही दिवसांनी त्याची काळी ट्रंक घेऊन मी आणि यल्लाप्पा बोरगावला गेलो. आक्काने पाणी दिलं, चहा दिला. ट्रंक उघडली नाही. नुसता हात ठेवून बसली.

"साहेब, त्या जनावराला मारलंसा काय?"

"न्हाय, आक्का. जंगलात सोडलं."

"बरं केलंसा." तिचा हात ट्रंकेवरच होता. "बारका हुता तवा दगड मारून पाल मारलीती त्येनं, वखारीत. म्या लई मारलं त्येला. जीव कसा जातोय बघ म्हणलं, त्या पालीसमोर बशीवला. परत कदी हात उगारला न्हाय त्येनं कशावर. म्याच शिकीवलं ते, साहेब. माजं चुकलं काय?"

यल्लाप्पा बोलला. तो आयुष्यात एवढं सलग कधी बोलला नसेल.

"आक्का, त्या रातीला अण्णानं माजा हात धरला न्हसता तर म्या कवड्या मारला असता. मारून बी काय उपेग न्हवता. चावून झालंतं. मण्यार तळाला हुती. तुमचं शिकीवल्यालं न्हाय चुकलं."

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"मग कुणाचं चुकलं, बाळ?"

यल्लाप्पाने माझ्याकडे पाहिलं, आणि मी ट्रंकेकडे. बाहेर रस्त्यावरून निपाणीची बस गेली. आम्ही उठलो तेव्हा आक्काने आम्हा दोघांच्या हातात चिवड्याचा एकेक डबा दिला. सवयीने केला होता, म्हणाली.

पीस स्टेशनला साप चावून गेलेल्या जवानाचं नाव आमच्याकडे स्मारकाच्या दगडावर कोरत नाहीत. नियम तसा आहे आणि नियमाबद्दल माझी तक्रार नाही. म्हणून मी इथे लिहितो. नायक अजित मगदूम, बोरगाव. ड्यूटीवर असताना गेला.